विन्याला पत्र: बडोद्यात बघायला आहेच काय?

बडोदे, १२ नोव्हेंबर

प्रिय विन्या,

परवा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ झोपाळ्यावर तसाच बसून होतो. चहा गार झाला, बायकोने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. काय सांगणार? तू म्हणालास, "बडोद्यात बघायला असं आहेच काय रे? लेकीला, ऋचाला, राजवाडा दाखवतो नि दुसऱ्या दिवशी सकाळी केवडियाला निघतो." दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाने असं बोलावं? तीस वर्षं पुण्यात राहून तुझं असं झालं असेल तर मी त्या शहराला दोष देणार नाही. पण सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा बघायला नव्वदेक किलोमीटर जाणार, आणि जिथे उतरणार आहेस तिथलं काही नाही, हे काही मला पटलं नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

आता खरं सांगतो, म्हणजे तुला टोमणा मारायचा हक्क मला फारसा नाही हे तुझ्या लक्षात येईल. आपल्या वाड्यापासून तांबेकर वाडा पाच मिनिटांवर. शाळेत जाताना रोज त्याच्या बाजूने जायचो. मी पहिल्यांदा आत कधी गेलो असेन? गेल्या वर्षी. वयाच्या बावन्नाव्या वर्षी! तेही एका मुलीने रावपुऱ्यात मला थांबवून "अंकल, तांबेकर नो वाडो क्यां?" असं विचारलं म्हणून. फाइन आर्ट्सला शिकणारी होती, खांद्यावर चित्रांची पिशवी. मी ऐटीत दारापर्यंत सोडायला गेलो आणि दाराशीच लाज वाटली, म्हणून आत शिरलो. चौकीदाराने वही पुढे केली. नाव, सही, आणि एक रकाना "कुठून आलात". मी लिहिलं, "शेजारून". त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही.

विठ्ठल खंडेराव तांबेकर, म्हणजे भाऊ तांबेकर, १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचं हे राहतं घर. बाहेरून तुला काहीच वाटणार नाही, आपल्याकडे असे लाकडी वाडे पुष्कळ होते. पण जिना चढून वर गेलास की भिंतभर चित्रं. नुसत्या भिंतीच नव्हेत, दारांच्या फळ्यासुद्धा रंगवलेल्या. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, आणि त्यांच्याच शेजारी इंग्रज-मराठ्यांची लढाई. देव, सरदार, गोरे शिपाई सगळे एकाच घरात भाडेकरू असल्यासारखे राहताहेत. आत उजेड कमी. डोळे सरावायला वेळ लागतो, मग अंधारातून आधी एक पागोटं दिसतं, मग घोड्याचा पाय, मग पूर्ण घोडा. काही ठिकाणी रंगाचे पोपडे गेलेत आणि खालचा चुना दिसतो. ती मुलगी जमिनीवर मांडी घालून एका दाराची नक्कल काढत बसली. मी तिथे अर्धा तास होतो, आणि सगळा वेळ मनात एकच: इथे आपण क्रिकेटचा चेंडू शोधायला का नाही रे आलो कधी?

तर ऋचाला सगळ्यात आधी इथे आणायचं. चित्रकलेच्या पोरीला राजवाड्यापेक्षा हे जास्त आवडेल. पैज.

दुसरं कीर्तिमंदिर. ह्याची एक फजिती ऐक. मागच्या दिवाळीत मेव्हणा आला होता, त्याला घेऊन निघालो. रिक्षात बसल्यावर मी मोबाइलवर बोलत होतो, आणि रिक्षावाल्याने आम्हाला थेट कीर्तिस्तंभावर नेऊन उतरवलं. "साहेब, कीर्ति बोल्या ने?" म्हणे. बोललो होतो खरा. मेव्हण्याने खांबाभोवती एक चक्कर मारली, म्हणाला, छान आहे, आता काय? मग तिथेच सेव-उसळ खाल्ली. तिखट तर्री, वर शेव, वर हिरवा लसूण, आणि पाव मागे मागे येतच राहतात. कीर्तिमंदिर राहिलंच त्या दिवशी. म्हणून तू रिक्षात "मंदिर" हा शब्द ठासून म्हण.

आपण लहानपणी कीर्तिमंदिराला नुसतं "समाध्यांचं" म्हणायचो, आठवतंय? गायकवाड घराण्याच्या दिवंगतांचं स्मारक म्हणून सयाजीरावांनी १९३६ मध्ये ते बांधलं. मधल्या शिखरावर सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. पण माझं म्हणणं आतल्या चार भिंतींबद्दल आहे. महाराजांनी त्या चित्रकार नंदलाल बोसांना दिल्या. बंगालातून बोलावून आणलेल्या त्या माणसाने गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध अशा चार भिंती रंगवल्या. १९३९ ला सुरुवात, आणि सगळं पुरं होईपर्यंत स्वातंत्र्य दाराशी आलं. स्वतः महाराज १९३९ मध्येच गेले, म्हणजे त्यांना चारही भिंती कधी बघता आल्याच नाहीत. नटीर पूजा हे टागोरांच्या नाटकातलं: राजनर्तकीला स्तूपापुढे नाचायची आज्ञा होते आणि ती नाचता नाचता अंगावरचे दागिने एकेक करून उतरवून टाकते. लोक गंगावतरणापाशी जास्त थांबतात, कारण ते भव्य. मला मात्र ही भिंत आवडते. फार गाजावाजा नाही तिच्यात. आता जाताना वेळ विचारून जाऊ, तिथे दार कधी उघडं असेल त्याचा भरवसा मी देत नाही.

मग कमाटीबाग. सरकारी नाव सयाजीबाग, पण अजून कोण म्हणतं? दाराशी काळा घोडा. बडोद्याच्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की तो घोड्याचा पुतळा आहे. वर बसलेल्या महाराजांकडे कोणाचं लक्षच जात नाही. पत्ता सांगताना "काळ्या घोड्यावरून डावीकडे" म्हणतो आपण, जसं काही तो घोडाच रस्ता दाखवतो. महाराज स्वतः जन्मले कवळाण्याला, मालेगावजवळ, शेतकऱ्याच्या घरात. गोपाळ नाव होतं. मला नेहमी वाटतं, जगभर जे जे दिसलं ते ते उचलून आणून लोकांसाठी मांडून ठेवायची त्यांची हौस त्या मुलाची होती. राजाला असं कुतूहल सहसा नसतं.

घोड्याच्या बाजूचा विश्वामित्रीचा पूल. ऋचाला पुलावर उभं करून खाली बघायला सांग. पाण्यात जे लाकडाच्या ओंडक्यासारखं दिसेल, ते ओंडकं नाही. भर शहरातून वाहणारी नदी आणि तिच्यात मगरी, हे दुसऱ्या कुठल्या शहराला सांगितलं तर खोटं वाटेल. आपण लहान असताना एखाद-दुसरी दिसली तर शाळेत दिवसभर चर्चा. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर त्या सोसायट्यांत आल्या होत्या, अंगणात, पार्किंगात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी पहिल्या मजल्यावरून बघितली आणि खाली उतरून गाडी काढायची राहिली आहे हे विसरून गेले. गाडी पाण्यात गेली, त्याबद्दल ते आजही मगरीलाच दोष देतात.

बागेतल्या म्युझियमवर मात्र मला तुझा हिशोब चुकता करायचा आहे. देवमासा! इयत्ता चौथीत तू मला म्हणालास, त्याच्या फासळ्या मोजल्यास तर माणूस झोपेत चालायला लागतो. मी आठवडाभर रात्री आईच्या पदराला गाठ मारून झोपलो. आता वाच: तो सांगाडा १९४४ मध्ये महीसागराच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा आहे, सत्तर फुटांहून लांब, आणि म्हणे तो पूर्ण वाढलेलाही नव्हता. आणि ममीचं बोट हलतं, हेही तूच सांगितलं होतंस. ऋचाला ते सांगू नकोस. मी सांगेन.

तिथेच अकोट्याची ब्राँझं आहेत. अकोटा म्हणजे आपण सायकल पिटाळत जायचो ते, आता नुसते फ्लॅटच फ्लॅट. १९५१ मध्ये तिथे जमिनीतून जैन मूर्तींचा ठेवा निघाला, पाचव्या शतकापासून पुढच्या. आणि चित्रांची गॅलरी १९१४ मध्ये बांधून तयार होती, पण युरोपातून यायची चित्रं महायुद्धात अडकली, म्हणून १९२१ पर्यंत ती नुसती उभी होती. रिकाम्या भिंतींची सात वर्षं. आपल्या सोसायटीची लिफ्ट आठवली मला.

बागेत एक जागा आहे, तिथे मी दरवर्षी एकदा तरी जाऊन बसतो. संकल्पभूमी. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये इथे नोकरीत रुजू झाले, आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. २३ सप्टेंबरला ते या बागेत झाडाखाली येऊन बसले होते. शाळेत आपल्याला महाराजांच्या शिष्यवृत्तीचा अर्धाच धडा शिकवला होता रे. दुसरा अर्धा इथे झाडाखाली आहे.

बाकीचं भराभर सांगतो. मध्यवर्ती ग्रंथालय, मांडवीजवळचं: पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी, आणि मजल्यांची जमीन जाड काचेची! वरचा उजेड झिरपत खालपर्यंत यावा आणि आगीचं भय नको म्हणून. या ग्रंथालयाची घडी बसवली ती अमेरिकेहून आणलेल्या बोर्डन नावाच्या ग्रंथपालाने, १९१० पासून. डोक्यावरच्या काचेवर कोणी चाललं की चपलांच्या अंधुक सावल्या दिसतात. आत नेण्यासाठी मी आधी विचारून ठेवतो. ईएमई मंदिर: फौजेच्या इंजिनिअरांनी १९६६ मध्ये उभारलेलं दक्षिणामूर्तीचं देऊळ, वरून सगळं अॅल्युमिनियमचं, लांबून बघितलं तर कोणीतरी चकचकीत पातेलं पालथं घातलंय असं वाटतं. एकाच इमारतीत पाच धर्मांच्या खुणा, आणि आवारात जुन्या मूर्ती रांगेने. ओळखपत्र आण, फोटो काढू देत नाहीत. राजवाडा बघच, पण लोक तिथे वाड्याचा आराखडा करणाऱ्या मॅन्ट साहेबाची गोष्ट सांगतील, इमारत पडेल या धास्तीने जीव दिला म्हणून, ती मनावर घेऊ नकोस. कोल्हापूरच्या राजवाड्याबद्दलही हीच सांगतात.

सुरसागरात आता मध्यभागी शंकर उभे आहेत, १११ फुटांचे, सोन्याने मढवलेले. तू गेलास तेव्हा नव्हते. तुझ्या आठवणीतला सुरसागर म्हणजे गणपती विसर्जनाच्या रात्रीचं काळं पाणी आणि गॅसच्या बत्त्या, तो शोधायला गेलास तर वाईट वाटेल. संध्याकाळी मात्र काठावर म्युझिक कॉलेजच्या बाजूला बस. कोणाचा तरी तबला चाललेला असतो, चुकतो, पुन्हा त्याच बोलावर येतो. सोन्यापेक्षा मला ते बरं वाटतं, पण माझी आवड तुला ठाऊक आहे.

तर दोन नव्हे, चार दिवस ये. ऋचाला फाइन आर्ट्सलाही नेऊ, १९५० ची फॅकल्टी ती, चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायचे, मूळ इंदूरचे आपलेच. केवडिया कुठे पळून जात नाही.

आणि येताना बाकरवडी आणू नकोस. इथल्या भाखरवडीशी तुलना सुरू करशील, मग आपलं भांडण होईल आणि वहिनी मला दोष देतील. आणायचंच असेल तर आंबेमोहोर आण, दोन किलो. तांबेकर वाड्याच्या वहीत मात्र "पुण्याहून" असं लिहू नकोस, चौकीदार मला ओळखतो आता.

तुझा,
मिल्या

ता. क. फासळ्या मी मागच्या रविवारी मोजल्या. मध्येच एक पोरगं धक्का मारून गेलं नि आकडा चुकला. झोप मात्र लागली.