वायरमन दादा, तुमचे मनापासून आभार

वायरमन दादा,
सप्रेम नमस्कार.

गिझरचा जळका स्विच काढून नवा बसवून तुम्ही लगेच निघून जाऊ शकला असतात. बोलावलंही तेवढ्यासाठीच होतं. तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या दिवशी तुम्ही जे दाखवलंत ते घराघरांत माहीत असायला हवं.

गिझरचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बंद केल्यावरही तुम्ही बोर्डात हात घातला नाहीत. मल्टीमीटर आधी दुसऱ्या खोलीतल्या चालू सॉकेटवर लावून पाहिलात, मग बोर्डातली एकेक वायर तपासलीत, आणि त्याच बोर्डातली दिव्याची फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, जिवंत निघाली! ती दुसऱ्या सर्किटवरून आली होती. तोही एमसीबी पाडलात, पुन्हा तपासलंत, मीटर परत चालू सॉकेटवर लावून खात्री केलीत आणि मगच स्क्रू सोडवलेत. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावर कधीच विसंबायचं नाही, हे तेव्हा मुलालाही बजावलंत.

माझ्या डोळ्यांसमोरून गिझरच्या स्विचची ती वायर अजून जात नाही. लाल आवरण तपकिरी पडलेलं, तुम्ही जरा वाकवलं तर त्याचे तुकडेच पडले. आतलं तांबं काळंठिक्कर. तुम्ही थोडी थोडी कापत मागे गेलात, पण चकचकीत तांबं आणि मऊ आवरण लागेपर्यंत वायर इतकी आखूड झाली की स्विचपर्यंत पोचेना. अशा वेळी पीळ मारून वर टेप गुंडाळणारे पुष्कळ असतात. तुम्ही मात्र जुन्या वायरला नवी बांधून पाइपमधून अख्खीच ओढून घेतलीत, तितक्याच जाडीची, तांब्याचीच. त्यात किती वेळ आणि घाम गेला ते मी पाहिलंय.

‘मग एमसीबी का पडला नाही?’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही काम थांबवून दिलंत. स्विचमध्ये वायर धरणारा स्क्रू सैल झाला की तो जोड तापतो. पण २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर घेतो, स्क्रू सैल झाला म्हणून तो करंट वाढत नाही. एमसीबी करंट पाहतो, स्क्रूपाशी काय तापलंय ते त्याला कळत नाही. सैल जोडात अर्धा ओहम रोध (करंटला होणारा अडथळा) आला तरी तिथे ३५-४० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे भिंतीच्या आत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. तापलं की तांब्यावर काळा थर चढतो, त्यानं रोध वाढतो, आणि ते आणखी तापतं. हे ऐकल्यावर मला खरी भीती वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

जुना स्विच अजून टकटक चालत होता, तरी तुम्ही तो ठेवला नाहीत. करपलेलं टर्मिनल आणि उष्णतेनं ढिली पडलेली आतली पट्टी पुन्हा तापणारच, म्हणालात. नव्या स्विचमध्ये वायर घालताना आवरण स्क्रूखाली अडकलं नाही ना आणि तांबं बाहेर उघडं राहिलं नाही ना, दोन्ही पाहिलंत. स्क्रू आवळून प्रत्येक वायर ओढून बघितलीत. प्लेट लावल्यावर गिझर अर्धा तास चालवून तिला हात लावून पाहिलात, तेव्हा कुठे हत्यारं आवरलीत.

जाताना सांगून गेलात की प्लेट गरम लागली, बोर्डातून चरचर आली किंवा प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर आधी एमसीबी बंद करायचा. त्यानंतर मी घरातल्या सगळ्या बोर्डांवरून हात फिरवला. इस्त्रीच्या सॉकेटची प्लेट चांगलीच गरम लागली, म्हणून त्याचा एमसीबी पाडून ठेवलाय. कामातून सवड झाली की तेवढं बघून जा.

तुमची आभारी,
गिझरवाल्या घरातली ताई