हा उंट इथं आला कुठनं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीतलं बुद्धिबळाचं कोडं मी नेमानं सोडवतो. जुळे सोलापुरात माझी गणिताची छोटी शिकवणी आहे, तिथली सातवी-आठवीची पोरं पण सोमवारी कात्रण घेऊनच येतात. मागच्या रविवारी 'पांढरा दोन चालीत मात करतो' म्हणून जी आकृती छापली ती सुटली, छापलेलं उत्तर पण बरोबर होतं, पण तशी पोझिशन खऱ्या डावात येऊच शकत नाही हे आमच्या आठवीतल्या एका मुलीनं दाखवलं, म्हणून हे पत्र.

आकृतीत पांढऱ्याचा उंट सी-४ वर आहे. हा उंट सुरुवातीला एफ-१ वर असतो आणि तिथनं बाहेर पडायला त्याला तिरक्या दोनच वाटा, ई-२ नाहीतर जी-२. या दोन्ही घरांतली प्यादी आकृतीत आपापल्या जागेवर आहेत, आणि प्यादं मागं येत नाही, म्हणजे ती हललीच नाहीत, म्हणजे उंट घराबाहेर पडलाच नाही. एखादं प्यादं पलीकडं पोचून त्याचा उंट झाला म्हणावं तर पांढऱ्याची आठच्या आठ प्यादी पटावर आहेत, मोजून बघा. ती पोरगी एवढंच म्हणाली, "सर, हा उंट इथं आला कुठनं?"

छपाईत एखादं प्यादं इकडचं तिकडं होतं, त्याची तक्रार नाही. मला सांगायचंय ते असं की तिचा तो प्रश्न मूळ कोड्यापेक्षा भारी होता आणि तसलीच कोडी तुम्ही मुद्दाम छापावीत. मात करायचं कोडं आता मोबाईलमध्ये टाकलं की स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर सेकंदात उत्तर देतं, पोरं उतरवून घेतात, डोकं चाललंच नाही. पण ही सोंगट्यांची मांडणी आली कशी, हे स्टॉकफिश विचारतच नाही, जे समोर मांडलं ते धरून पुढं खेळतं. मागचं शोधायला माणसालाच बसावं लागतं.

एक उदाहरण देतो. डाव सुरू व्हायच्या आधी जसा पट मांडतो तसाच पट समोर आहे, सगळ्या ३२ सोंगट्या जागेवर, आणि चाल काळ्याची आहे. असं होईल का? पोरं म्हणाली त्यात काय, घोडा काढायचा आणि परत आणायचा, एक चाल वाया घालवली की झालं. अर्धा तास घोडे नाचवले, जमेना. मग सम-विषम मोजायला लावलं. प्यादी हललेली नाहीत म्हणजे राजा, वजीर, उंट कोंडलेले. हलू शकतात फक्त घोडे, आणि घोडा बाहेर गेला तर शेजारचा हत्ती एक घर सरकून परत येऊ शकतो. घोडा दर चालीला घराचा रंग बदलतो, हत्तीची ती एका घराची चाल पण रंग बदलते. सगळे परत जागेवर आले म्हणजे चाली सम झाल्या (दोन घोड्यांनी जागा बदलल्या तरी प्रत्येकाच्या विषम, दोघांच्या मिळून समच). पांढऱ्याच्या सम, काळ्याच्या पण सम, आणि डाव पांढराच सुरू करतो, मग चाल पांढऱ्याचीच असणार. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो गणिताला कायम घाबरतो, त्यानं हे फळ्यावर स्वतः मांडलं, आणि मला खरंच भरून आलं.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत आम्ही दुसरं केलं, तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅक यांनी १९४६ साली मांडलेलं. पटाचे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे झाकायचे, ६२ घरं उरतात, माझ्या पटावर एक काड्यापेटी बरोबर दोन घरं झाकते, तर ३१ काड्यापेट्यांत सगळी घरं झाकून दाखवा. किराणा दुकानातनं काड्यापेट्या उसन्या आणल्या! होत नाही, कारण ते दोन कोपरे एकाच रंगाचे, उरतात एका रंगाची ३० आणि दुसऱ्याची ३२, आणि काड्यापेटी दरवेळी दोन्ही रंगांचं एक-एक घर खाते.

कॅसलिंगचं (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचे, पण दोघंही आधी हललेले नसतील तरच) पण असंच. काळ्याकडं फक्त राजा, हत्ती आणि एक प्यादं, तिन्ही मूळ जागेवर, चाल पांढऱ्याची. म्हणजे शेवटची चाल काळ्यानं केली, प्यादं तर हललेलं नाही, मग राजा नाहीतर हत्ती हलून आलाय, म्हणजे कॅसलिंगचा हक्क गेला. रेमंड स्मल्यन या तर्कशास्त्रज्ञांनी अशी उलटा तपास लावायची किती सुंदर कोडी केलीत. आणि आपल्याकडं तर नवव्या शतकात रुद्रटानं काव्यालंकारात असा श्लोक दिलाय की त्याची ३२ अक्षरं अर्ध्या पटावर मांडून घोड्याच्या चालीनं वाचली तरी तोच श्लोक निघतो.

तर विनंती अशी की महिन्यातनं एकदा तरी मात करायच्या कोड्याऐवजी 'हे कसं घडलं' असं कोडं द्या, आणि उत्तरात नुसती चाल न छापता कारण छापा. पहिलं कोडं पोरांनीच पाठवलंय. रिकाम्या पटावर घोडा ए-१ वरनं निघून प्रत्येक घरात एकदाच जाऊन शेवटी एच-८ वर पोचेल का? ६३ चाली लागतात एवढंच सांगायला त्यांनी मला परवानगी दिलीय.

आपला नियमित वाचक,
जुळे सोलापूर