तिकिटं काढून झाली आहेत

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई "बरं" एवढंच म्हणते आणि बाबांकडे देते, आणि बाबांना नेमका त्याच वेळी आवाज तुटक यायला लागतो. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

यंदा मी गणपतीला येत नाहीये.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं इकडे येताय, तीन आठवड्यांसाठी. तिकिटं काढून झाली आहेत. पैसे परत मिळत नाहीत असलंच तिकीट मुद्दाम काढलं, कारण बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार.

आता कारणं. ऐन गणपतीत तिकिटं महाग असतात, ऑफिसात माणसं कमी आहेत, वर्षाच्या व्हिसावर आलेय तर सारखी ये-जा कशाला... सुट्टी नाही असंही लिहिणार होते, पण मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे बाबांना माहीत असणार. खरं कारण आईला एव्हाना कळलंच असेल. आरती झाली की प्रसाद घेता घेता मंडळी माझी चौकशी करतात, तू म्हणतेस, "तिचं काम फार असतं," आणि मी आत जाऊन मोदकपात्र घासते. गेल्या वर्षी दोनदा घासलं. तू काही चुकीचं बोलतेस असं नाही गं. तू सांभाळूनच घेतेस. पण यंदा तुला ते सांभाळावं लागू नये, असं वाटलं. मी पळून आलेले नाही. (थोडी आले असेन.)

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी तिथे नव्हते, ते मात्र मनातून जात नाही. दादाने हिरव्या पट्टीतला फोटो पाठवला तेव्हा मी इथल्या बाजारात उभी होते, हातात भेंडीची पिशवी. भेंडीवाली काहीतरी विचारत होती आणि मला क्रिओलच काय, मराठीही सुचेना. म्हणून हे तीन आठवडे. त्यात उपकार वगैरे काही नाही, मलाच तुम्ही समोर बसलेले हवे आहात.

गावाचं नाव माहेबूर्ग. आई "माहेर"बूर्ग म्हणते, तेही चालेल. बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे, विमानतळापासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. मुंबईहून थेट विमान, सहा-साडेसहा तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे बाबांना पहाटे साडेपाचला जाग आली तर इथे चारच वाजलेले असतील. तेव्हा उठून भांडी वाजवायची नाहीत. घर तळमजल्यावर आहे, कमोड आहे, न्हाणीघरात धरायला दांडी मी परवाच बसवून घेतली. गाद्या कडक आहेत. पंखा आहे, पण ऑक्टोबरात बहुधा लागणार नाही. समुद्रावरून वारा येतच असतो, आईने कानाला स्कार्फ आणावा.

समुद्र मात्र आपल्यासारखा नाही, आधीच सांगते. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिथेच दूरवर फुटतात. किनाऱ्यावरून नुसती पांढरी रेघ दिसते आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं. पहिले आठ दिवस मला गाज नाही म्हणून झोप येत नव्हती. गुहागरला मी बाबांच्या खांद्यावरून उतरायलाच तयार नव्हते ना, इथे मी गुडघाभर पाण्यात अर्धा अर्धा तास उभी असते. गावाला स्वतःची अशी वाळू नाही, दगडी धक्का आहे. वाळूसाठी जवळच ब्लू बे आहे, तिथे थेट सुरूचं बन. सुरू दिसल्यावर मला जे झालं ते लिहीत नाही. तळाला काच असलेल्या होड्या असतात, त्यातून खालचं प्रवाळ दिसतं. आईला पाण्यात उतरावं लागणार नाही.

सोमवारी इथे मोठा बाजार भरतो. आई, तुला तो एकटीला पुरेल. भेंडीला लालो म्हणतात, दोडक्याला पिपंगाय, कारल्याला मारगोझ (बाबा, काळजी नको, मी आणत नाही), आणि कढीपत्त्याला कारीपुले. शेवग्याचा पाला जुड्या बांधून विकायला असतो. तोंडी लावायला "कि मान्येर?" एवढं शिकून ये, म्हणजे "काय, कसं काय?". एक बाई ढोलपुरी विकते. पिवळी डाळ शिजवून, वाटून आत भरलेली पातळ पोळी. एकीवर एक अशा दोन घेते, मधे रस्सा, वर तिखट, कागदात गुंडाळून हातात. एक मागितली तरी जोडीच देणार. पहिला घास घेतला आणि वाटलं, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी. तुझ्या पोळीसारखी कडेपर्यंत भरलेली नसते, पण पुरण शिजलंय की नाही हे तू बोटाने बघतेस तसंच ती बघत होती.

बाबांसाठी संग्रहालय आहे, जुन्या फ्रेंच हवेलीत. ऑगस्ट 1810 मध्ये समोरच्याच खाडीत फ्रेंच आणि इंग्रज आरमारं भिडली. जिंकले फ्रेंच. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. आणि डिसेंबरात सगळं बेट इंग्रजांनी घेतलं! तुम्ही यावर किमान दोन दिवस बोलाल. गंमत पुढेच आहे. फ्रेंचांचा द्युपेरे आणि इंग्रजांचा विलोबी, दोघेही जखमी, आणि दोघांवर उपचार याच एका घरात. विलोबीचा तर डोळाच गेला होता. तुमचा तो पट्टीतला फोटो मला नेमका तिथेच आठवला आणि मी एकटीच हसत बसले. थेंब वेळेवर घालताय ना? डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस घालायचे, "आता दिसतंय की" म्हणून मधेच सोडायचे नाहीत.

या गावात मी का रमले, तेही सांगते. 2020 च्या जुलैमध्ये इथून जवळच एक मोठं मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं, आणि ऑगस्टात त्यातलं हजारेक टन तेल या निळ्या पाण्यात सांडलं. लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत. याच धक्क्यावर जमून त्यांनी कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. पाचट! आपण शेतात जाळून टाकतो ते. माझी घरमालकीण सांगते, हाताचा वास महिनाभर जात नव्हता. ती हे सांगताना मिरच्या निवडत असते, आवाज चढत नाही की पडत नाही. मी तिला माझं काहीच सांगितलेलं नाही आणि तिने विचारलेलंही नाही. आई, मला सध्या असंच हवं आहे. तुझ्याजवळ ते मिळत नाही असं नाही. तुझ्याजवळ मला रडू येतं, एवढंच.

तब्येतीचं: रोझ बेलला मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, गाडीने फार लांब नाही, आणि त्याचं नाव जवाहरलाल नेहरू हॉस्पिटल. बाबा, मुद्दाम आजारी पडू नका. दोघांचा प्रवास विमा मी काढलाय. गोळ्या महिनाभराच्या घ्या, मूळ पाकिटातच, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. आईने त्या नेहमीच्या डबीत सुट्या भरून आणायच्या नाहीत. अर्ध्या गोळ्या हातातल्या पिशवीत, सगळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, दादाच्या वेळी काय झालं ते आठवा. फळं, रोपं, बिया काही आणायचं नाही, विमानतळावर अडवतात. तुळशीचं रोप रुमालात गुंडाळून आणायचा विचार असेल तर आत्ताच सोडून दे. व्हिसा आधी काढावा लागत नाही, तिथे शिक्का मारतात, पण परतीचं तिकीट आणि माझा पत्ता छापून जवळ ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका, मोबाइल ऐन वेळी बंद असतो. आणि व्हीलचेअर मी सांगून ठेवलीय. आई, त्यात लाज कसली? तेवढीच रांग टळते.

पोळपाट-लाटणं आणू नकोस, आहे. चहाची पावडर आण, आपलीच. इथला चहा व्हॅनिला घातलेला मिळतो, बाबा दुसऱ्या दिवशी घरी जायचं म्हणतील.

आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, फोन समईपासून लांब ठेवा. कुणी विचारलंच तर सांग, ती माहेबूर्गला असते आणि बरी आहे. काम फार असतं, हे नको सांगूस.

मखराचे खांब माळ्यावर डाव्या हाताला आहेत, जुन्या चादरीत गुंडाळलेले. बाबांनी शिडीवर चढायचं नाही. डोळ्याला अजून दोन महिनेही झालेले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलवा, मी त्याला कालच मेसेज केलाय, तो शनिवारी चारला येईल. त्याला चहा नको असतो, कोकम सरबत द्या.

तुमची,
चिमी