मावशी, नॅचरल राहा!

महोदय,

गेल्या रविवारी पहाटे कुलाब्याच्या ससून डॉकवर मासळी घ्यायला गेलो, तर गिऱ्हाइकांपेक्षा कॅमेरेवालेच जास्त. १८७५ सालचा हा धक्का, बोटीतून वर भिरकावल्या जाणाऱ्या टोपल्या, बर्फाचा चुरा... फोटो काढावासा वाटणारच. मीही हौशी फोटोग्राफर आहे. न सांगता टिपलेला क्षण जिवंत येतो, हेही मान्य.

पण कोळंबी सोलायला बसलेल्या एका मावशींच्या तोंडापासून लेन्स जेमतेम हातभर! बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, अंगठ्याला चिंधी. हात बरबटलेले, म्हणून त्यांनी कोपरानंच पदर पुढे ओढला, तर तो तरुण म्हणतो, ‘मावशी, पदर नको, नॅचरल राहा.’ पदर ओढणं हेच त्या वेळी त्यांचं नॅचरल होतं, हे त्याला कोण सांगणार? मागून हातगाडीवाला ‘बाजू, बाजू’ ओरडत होता, ते वेगळंच. ओल्या फरशीवर भरली गाडी आवरणं सोपं नसतं.

बंदी घाला असं माझं म्हणणं नाही; फलक लावून ऐकतो कोण? पण फी घेऊन हौशी फोटोग्राफरांच्या अशा फेऱ्या, म्हणजे ‘फोटोवॉक’, काढणाऱ्यांनी आधी एवढं तरी शिकवावं : पदर आला, मान फिरली, की कॅमेरा खाली. आणि फोटो काढलाच, तर पुढच्या खेपेला त्याची प्रिंट नेऊन द्यावी. मागे एका बर्फ फोडणाऱ्याला मी ती दिली. बराच वेळ बघून त्यानं ती खिशात घातली. म्हणाला, ‘गावाला नाही पाठवणार हां. तिकडं सांगितलंय, ऑफिसात आहे.’

– एक वाचक, गिरगाव, मुंबई