हिरवळीवर पाय ठेवा

एडिनबरो, १४ जून

प्रिय आई-बाबा,
सा. न.

रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि खिडकीबाहेर अजून चांगला उजेड आहे. आत्ताच ब्रन्ट्सफील्ड लिंक्सवरून घरी आले. बाबा, मी गोल्फ खेळून आले!

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवरून जाताना तुम्ही स्कूटर हळू करून म्हणायचात, "हा साहेबलोकांचा खेळ." माझ्याही मनात तेच घट्ट बसलं होतं. इथे मात्र भर वस्तीत सार्वजनिक मैदान आहे, उन्हाळ्यात ३६ होल, म्हणजे चेंडू घालायची भोकं, हिवाळ्यात ९. फी नाही, मेंबरशिप नाही. आपले क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, घेऊन जायचं आणि खेळायला लागायचं. होल जवळजवळ असल्यामुळे दोन क्लबांत भागतं. मी चॅरिटी शॉपमधून जुने घेतले. मैदानातून पायवाटा जातात, त्यामुळे कोणी बाबागाडी घेऊन निघालं की ती पुढे जाईपर्यंत आपण थांबायचं.

स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव टाकून गोल्फ खेळत बसायचे. म्हणजे बाबा, तेव्हाही तो साध्या माणसांचाच खेळ होता!

आज माझा फटका चुकला आणि चेंडूआधी तळहाताएवढं गवत मातीसकट उडालं. मी घाबरून इकडेतिकडे बघितलं. आपल्या कॉलनीच्या बागेत हिरवळीवर दोन पावलं टाकलीत म्हणून वॉचमन तुमच्यावर ओरडला होता, त्या दिवशीचा तुमचा चेहरा मी विसरलेले नाही. इथे शेजारी खेळणाऱ्या आजोबांनी तो तुकडा उचलला, मुळं खाली करून खड्ड्यात बसवला आणि बुटाने हळूच दाबला. "चार दिवसांत धरेल," म्हणाले. आई, तू तुळशीचं रोप कुंडीत लावताना अंगठ्याने माती दाबतेस ना, अगदी तस्संच.

रस्ता ओलांडला की मेडोज. उन्हं आली की सगळं गाव तिथे गवतावर येऊन पडतं. क्रिकेट चालतं, कोणी नुसतं पुस्तक घेऊन पालथं पडलेलं असतं. पूर्वी तिथे तळं होतं, ते आटवून मैदान केलं. हे कळलं तेव्हा मला एकदम सारसबागच आठवली, तीही तळ्यातलीच. गणपतीचं दर्शन झालं की तू चपला काढून हिरवळीवर बसायचीस आणि डब्यातल्या पुऱ्या काढायचीस. इथे एकटी बसले की त्या पुऱ्यांची फार आठवण येते.

बाबा, तुम्ही दोघं इथे आलात की गुडघ्याचं कारण सांगू नका. सगळे होल खेळलेच पाहिजेत असं काही नाही, चार खेळू आणि बाकावर बसू. तुमच्यासाठी एक क्लब बघून ठेवलाय. आई, जूनमध्येही इथे समुद्रावरून गार धुकं येतं, तेव्हा तुझा राखाडी स्वेटर हवाच.

पासपोर्ट नूतनीकरणाला टाकलेत का, तेवढं आजच कळवा.

तुमची,
मनू