बाळंतीण घरी गेल्यावर पुढे काय?

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बाळंतपण घरी बरे की इस्पितळात, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो. गोव्यापुरता तो केव्हाच निकालात निघाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) आपल्याकडची ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे इस्पितळात होतात. ग्रामीण आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारखीला याचे समाधानच आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाई किती झपाट्याने पांढरीफटक पडते हे ज्याने पाहिले आहे, तो घरी बाळंत होण्याचा सल्ला सहजासहजी देणार नाही. पण त्याच सर्वेक्षणानुसार गोव्यात शंभरातली जवळपास चाळीस बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात. शिवाय, टाके घातलेली असो वा नसो, बाळंतीण दोन-चार दिवसांत घरी पाठवली की पुढे तिच्याकडे नियमितपणे पाहणारे प्रशिक्षित माणूस उरत नाही. माझे म्हणणे या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

पूर्वी हे काम वयजीण, म्हणजे गावातली सुईण, करी. तिचे सारेच ज्ञान शास्त्रशुद्ध होते असे मी म्हणणार नाही. नाळेला राख लावण्यासारखे प्रकार बंद झाले ते बरेच झाले. परंतु ती रोज येई, बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घाली आणि त्या निमित्ताने दोघांना नीट पाही. वयजीण गेली आणि तिच्याबरोबर हे रोजचे पाहणेही गेले. इतर राज्यांत बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाण्याचे काम आशा सेविकांकडे आहे. गोव्यात आशा सेविकाच नाहीत, त्यामुळे तो भार आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेवर (एएनएम) पडतो आणि तिच्यामागे आधीच लसीकरण, नोंदवह्या आणि नाना सर्वेक्षणे लागलेली असतात.

नवजात बालकांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात, म्हणून या दिवसांचे मोल अधिक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते, स्तन दगडासारखे घट्ट होतात आणि बाळाला तोंडात धरता येत नाही. बाळ रडते, आजी मधाचे बोट चाटवू पाहते, नवरा फार्मसीतून पावडरचा डबा घेऊन येतो. अशा वेळी जाणकार बाईने खाटेच्या काठावर बसून थोडे दूध हाताने पिळून काढले, बाळाला पोटाशी वळवून त्याची हनुवटी स्तनाला टेकवली, तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. तीच बाई बाळाला खिडकीच्या उजेडात नेऊन कातडीचा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला आहे का ते पाहील, आईचा ताप आणि टाके तपासील, आणि ती उगाच रडते की काय हेही तिच्या लक्षात येईल. (पुरुषमंडळींना हे शेवटचे किरकोळ वाटते, असा माझा अनुभव आहे.)

इंग्लंडमध्ये हे काम त्या त्या भागासाठी नेमलेल्या सामुदायिक मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुइणी, करतात. गरोदरपणाच्या तपासण्या त्या करतात, मातेने घरी बाळंत व्हायचे ठरवल्यास त्या घरी जातात आणि बाळंतपणानंतर, ते इस्पितळात झालेले असले तरी, घरी भेटी देतात. तिथेही घरची बाळंतपणे शंभरात दोन-तीनच होतात. तिथल्या २०११ सालच्या मोठ्या अभ्यासात पहिलटकरणींपैकी घरी बाळंत होण्याचे ठरवलेल्या सुमारे ४५ टक्के जणींना ऐनवेळी किंवा बाळंतपणानंतर लगेच इस्पितळात हलवावे लागले होते. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या घाटमाथ्यावरच्या सुर्ल्याहून भर पावसात बांबोळीचे मोठे सरकारी इस्पितळ गाठायचे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या सत्तरीकराला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपण त्यांच्याकडून घ्यावे ते घरचे बाळंतपण नव्हे. गरोदरपणापासून ओळखीची असलेली बाईच नंतर दारात उभी राहते, ती व्यवस्था घ्यावी.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत परिचारिकांना १८ महिन्यांचे प्रशिक्षण देऊन गुंतागुंत नसलेली बाळंतपणे त्यांच्याकडे सोपवण्याची योजना आहे, पण तिचा भर मुख्यतः इस्पितळातल्या कक्षांवर आहे. आपल्या छोट्या राज्याने यात एक पाऊल पुढे टाकावे. पेडणे, सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत अशा परिचारिकांची स्वतंत्र पदे निर्माण करावीत. पहिल्या दहा दिवसांतल्या घरभेटी त्यांच्या कामातच धराव्यात आणि त्यांसाठी वाहन द्यावे. त्यांची बदली सर्वसाधारण वॉर्डात होणार नाही, असेही नियमातच लिहावे. मनुष्यबळ कमी पडले की सगळ्यांत आधी अशाच पदांवरची माणसे उचलली जातात. आरोग्य खात्याने येत्या अर्थसंकल्पाआधी याचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
वाळपई, सत्तरी