सुतळी जेवली

प्रिय विन्या,

सुतळी जेवली! माझं ते न खाणारं सापाचं पिल्लू, काल रात्री, आपण होऊन, कुणी तोंडात कोंबल्याशिवाय. आईला सांगितलं तर ती "बरं झालं" म्हणून कुशीवर वळली. शिऱ्याने नुसता अंगठा पाठवला. एवढ्या बातमीचं एवढ्यावर भागेना, म्हणून तुला लिहायला बसलो. तू हे वाचताना पाय खुर्चीवर घेतले असशील. खाली ठेव, डबा बंद आहे.

मी बरा आहे. पाठ आहे तशीच. आईची साखर आटोक्यात.

तुझ्या पत्राला उत्तर राहिलं त्याचं कारणही सुतळीच. कॉर्न स्नेकची बाकीची सगळी पिल्लं पहिली कात टाकताच खायला लागली. ही मात्र नाही. पहिले काही दिवस काळजी नसते, कारण अंड्यातून निघताना उरलेला बलक पिल्लाच्या पोटात असतो आणि आठ-दहा दिवसांनी पहिली कात पडेपर्यंत ते खात नाही. पण कात पडली, भावंडं गुबगुबीत झाली, आणि हिच्यापुढे उंदराचं पिल्लू ठेवलं की ही मान वळवून लपायच्या जागेत शिरायची. मूळचं वजन सहा ग्रॅम. ते साडेपाचावर आलं तेव्हा माझी झोप उडाली. सोनाराकडे असतो तसला काटा आणला, कारण घरातला काटा हिला धरतच नाही. रोज मोजायचा मोह होतो, पण हाताळलं की ती आणखी बिथरते, म्हणून आठवड्यातून एकदाच मोजायचं आणि मधले दिवस नुसतं वहीकडे बघायचं. तुझी लेक मुक्ता जन्मल्यावर काचेच्या पेटीत होती तेव्हा तुझ्या हातात असायची तसलीच वही. शिऱ्याला हे सांगून कळणार नाही.

शिऱ्याचं म्हणणं एकच : "तोंड उघड आणि घाल." तसं करतात लोक. पण विन्या, केवढंसं ते तोंड! ओढाताणीत आतली कातडी फाटली तर? आणि कोंबलेलं तिने ओकून टाकलं तर पोटातलं पाणी आणि पाचक रसही जातात, म्हणजे जेवण दिलंच नसतं तर बरं अशी गत. तो उपाय शेवटचा. त्याच्या आधी एक मधला उपाय आहे : पिंकीचं (म्हणजे उंदराच्या बिनकेसाच्या नवजात पिल्लाचं) डोकं तेवढं अलगद तोंडात टेकवायचं, सापाला खाली ठेवायचं आणि आपण दगडासारखं स्थिर राहायचं. पुढचं गिळणं त्याचं त्याने करायचं. त्याचीही मी तयारी करून ठेवली होती.

आता तुला ते चिमणीचं पिल्लू आठवलं असणार. तू ड्रॉपर घेऊन त्याची चोच उघडत होतास आणि मी तुझा हात धरला होता. "मग उपाशी मरू द्यायचं का?" असं तू ओरडलास आणि त्यानंतर आपण किती दिवस बोललो नाही! माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. पण या वेळी रात्री-अपरात्री तो तुझा प्रश्न माझ्याच तोंडी होता, आणि तू तेव्हा एवढा का चिडलास ते मला आतून कळलं.

मला खरी वाट दाखवली ती एका साध्या गोष्टीने. रानातली ही पिल्लं सुरुवातीला बऱ्याचदा पाली-सरडे आणि झाडावरचे छोटे बेडूक खातात. साप जिभेने हवेतला वास उचलतो आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाला नेऊन लावतो. त्या इंद्रियाने "हे अन्न" असं सांगितलं नाही, तर समोर काय पडलंय याला अर्थ नाही. सुतळी हट्टी नव्हतीच. तिला उंदीर हे जेवण आहे हे ठाऊकच नव्हतं.

मग एकेक बदललं. मोठी पेटी काढून तिला लहानशा, भोकं पाडलेल्या डब्यात ठेवलं. उघड्यावर बुजलेलं पिल्लू खात नाही. गरम बाजू अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर आणली, कारण अंग गार असेल तर पचन होत नाही. पिंकी नीट वितळवून कोमट पाण्यात धुतली, म्हणजे तिचा स्वतःचा वास कमी होतो. तरी नाही. डोक्याला चीर देऊन मेंदूचा वास बाहेर येऊ दिला (हे मुक्ताला सांगू नकोस). तेव्हा सुतळीने जीभ बरीच लपलपवली, पण पुढे सरकली नाही. दर वेळी मध्ये पाच-सहा दिवस जाऊ दिले. रोज समोर नाचवलं तर ती त्या वस्तूलाच घाबरायला लागते. हे थांबणं सगळ्यात जड गेलं.

शेवटी शिऱ्याच्या पाळलेल्या पालीची कात कामी आली. बाहेरची पाल नको होती, तिच्यामुळे जंत यायची भीती. ती कात ओली करून पिंकीच्या डोक्यावर चोळली, डबा अंधारात ठेवला आणि दार ओढून घेतलं. तासाभराने टॉर्चवर लाल कागद लावून डोकावलो, तर पिंकीचे मागचे पाय तेवढे बाहेर होते. जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सरकत होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग मान ताणली, जांभई दिली, जबडा जागेवर बसवला. पोटाशी एवढासा फुगवटा!

आता दोन दिवस हात लावायचा नाही. ओकली तर पुन्हा दहा-बारा दिवस उपास, आणि तेवढं अंगात आहे का तिच्या? पाठीचा कणा वरून दिसायला लागलाय. ओकली नाही तरी पुढच्या वेळी कातीशिवाय खाईल का? पुढची काही जेवणं कात तशीच चोळणार, मग हळूहळू कमी करणार. तिला घाई नाही, मग मलाही नको.

काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं? तुझी बदली टळली हे फार चांगलं झालं, नाहीतर तू त्या गावी एकटा काय केलं असतंस. मुक्ताला म्हणावं, सुतळी हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा बघायलाही तूच यायचं, बाबाला दारातच उभं करून.

शुक्रवारी पुढची पिंकी देणार आहे. त्या रात्री फोन करू नकोस, उचलणार नाही. शनिवारी सकाळी मीच करीन, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी.

तुझा,
मन्या